जाईसाठी मडकं

झाडाच्या भांड्याला तळाशी भोक असावं लागतं, एवढी एकच गोष्ट मला बागकामातली माहीत होती. तीही माहीत नसती तर बरं झालं असतं.

माझे सासरे रामराव, म्हणजे आमचे मामा, कुंभार पिंपळगावहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला आमच्याकडे आले ते एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा घेऊन. एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची गोष्ट. डब्यात घरचं तूप असणार म्हणून मी स्वतः पुढं होऊन तो हातातून घेतला, जिना चढून वर आणला आणि झाकण म्हणून लावलेला कागद काढला. आत माती होती. मातीत वीतभर वेल होता आणि त्याला पाच-सहा पानं होती.

हा वेल जाईचा. माझ्या सासूबाईंनी तो विहिरीच्या काठाला लावलेला. सासूबाई गेल्या, पुढं त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मामांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, मच्छिंद्रकाकांचं, वाजलं. काकांनी तिथं मोटारीची खोली बांधायला घेतली, त्यात वेल उपटला गेला. मामांनी त्याची एक फांदी कशीबशी जगवली ती ही. काका नंतर हिस्सा सोडून शहागडला निघून गेले आणि हायवेवर ट्रकवाल्यांसाठी चहाचं हॉटेल टाकून बसले. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. लग्नकार्यात एकाच पंगतीला बसायची वेळ आली तर दोघंही मीठ मागत नसत, कारण मीठ दुसऱ्याच्या बाजूला असे.

मामांना मुलगा नाही, एकटी उषा, म्हणजे माझी बायको. त्यामुळं अंत्ययात्रेत पुढं मडकं धरायचा हक्क रीतीनं भावाकडं जातो. मामांनी मला बजावून ठेवलं होतं की त्यांच्या मडक्याला मच्छिंद्राचा हात लागू द्यायचा नाही, जावयानं धरलं तरी चालेल. हे ते जेवताना सांगत. मला घास गिळणं अवघड व्हायचं. पण सासऱ्यानं विश्वासानं दिलेलं हे एवढं एकच काम होतं, त्यामुळं मी मान हलवत असे.

ऑपरेशन बराबर झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बसली, दुसऱ्या डोळ्यात तसाही अंधारच होता. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. हसण्याचा मामांना पहिल्यापासून नाद नव्हता. खाटेवर उताणे पडून त्यांनी मला जवळ बोलावलं.

“जावईबापू, पट्टी सुटल्यावर म्या पयला तो वेल पाहणार हाय. तेवढा जगवा.”

मी बाहेर येऊन वेलाकडं पाह्यलं तर दोन पानं पिवळी पडलेली होती.

डब्याला भोक नव्हतं. मुळं पाण्यात कुजत होती आणि बाहेरून पत्रा गंजत होता. दुसरं भांडं पाहिजे होतं. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं. पण जालन्यात नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात सण असतो. हंडे, कळश्या, बादल्या, पातेली, मुलांच्या दुधाची किटली, सगळं भरून ठेवतात. अशा गावात पाणी धरणारं चांगलं भांडं घ्यायचं आणि त्याला खालून भोक पाडायचं, हे कोणत्याही बाईला सांगून बघा. मी उषाला फक्त एका जुन्या बादलीबद्दल विचारलं. तिनं ती बादली उचलून स्वयंपाकघरात स्वतःच्या मागं ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यापुढून हलली नाही. आमच्या घरात पाणी न धरणारं भांडं एकच होतं, चाळणी. मी चाळणीचाही विचार केला.

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. आमच्या कचेरीच्या मागं डांबराचं एक अर्धं कापलेलं रिकामं पिंप मी नोकरीला लागलो तेव्हापासून पडलेलं होतं. ते मला द्यावं असा मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की वस्तू निरुपयोगी ठरल्याशिवाय देता येत नाही. निरुपयोगी ठरवायला पाहणी झाली. पिंपात पाणी ओतून पाह्यलं, ते गळलं नाही, म्हणून पिंप उपयोगी ठरलं. मी म्हणालो, भोक पाडा, मंग गळेल. साहेब म्हणाले, भोक पाडणं हे सरकारी मालमत्तेचं नुकसान, आणि ते तुम्ही सुचवल्याची नोंद घ्यावी लागेल. मी इतकी वर्षं शेतकऱ्यांना हीच असली उत्तरं लिहीत आल्तो. ती वाचणाऱ्याला कशी लागत असतील याचा अंदाज मला त्या दिवशी आला, आणि मी घरी येऊन न जेवता झोपलो.

आम्ही मस्तगडला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. खाली मागच्या बाजूला घरमालकीण पुष्पाबाई, पुढं लतीफभाईंचं शिलाईचं दुकान आणि समोर शिवाजीचा एसटीडी फोनचा बूथ. मस्तगडमध्ये कुणाला ताप आला तर तो गल्लीला आधी कळतो आणि घरच्यांना मागाहून, तिथं वेलाची पानं पिवळी पडलेली लपून राहणार कशी? दुसऱ्या दिवशी लतीफभाईंच्या दुकानासमोर बैठक बसली आणि मला खाली बोलावण्यात आलं.

पुष्पाबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की सिमेंटची कुंडी आणायची नाही, गच्चीवर वजन चालणार नाही, त्यांच्या मालकांनी मोठ्या हौसेनं बांधलेली गच्ची आहे. मातीचंच भांडं आणा, आणि खाली कडबा अंथरून त्यावर ठेवा, म्हणजे ओल उतरणार नाही. शिवाजी म्हणाला, वेल आहे म्हणल्यावर मांडव पाहिजे, दोन लांब बांबू आणि काथ्या आणा, बाकी आडव्या काठ्या त्यातूनच निघतील. लतीफभाई मशीन थांबवून म्हणाले, “साब, धूप से जलता वो. सफेद कपडा बांधो उप्पर.” आणि त्यांनी स्वतःच मांजरपाटाचा पांढरा तुकडा फाडून माझ्या हातात दिला. पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत. शेजारी असावेत तर असे, असं मला त्या वेळी वाटलं.

सोमवारी मी घरगुती कारण दाखवून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सोमवारी सलून बंद, त्यामुळं दाढी वाढलेली. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की लतीफभाईंचं कापड मी खांद्यावर टाकलं आणि टॉवेल डोक्याला गुंडाळला. बांबू घेतले, काथ्या घेतला, कडब्याची एक पेंढी घेतली. हे सगळं कुंभारगल्लीच्या तोंडाला एका भिंतीला टेकवून मी भिवा कुंभाराकडं गेलो.

दिवाळी तोंडावर आल्ती. भिवाकडं पणत्यांचे ढीग होते, कुंडी एकही नव्हती. मागं काळी मडकी ओळीनं मांडलेली होती. मी म्हणालो, यातलं एक दे. आता, मडकं घेताना माणूस काय करतो? उचलतो, टिचकी मारतो, कान लावतो, खाली ठेवतो, दुसरं उचलतो, मंग भावावरून पाऊण तास घालतो. मी यातलं काहीच केलं नाही. मला त्यात पाणी ठेवायचं नव्हतं, मंग वाजवून काय उपयोग? ऊन लागत होतं, मंग घासाघीस कशाला? समोरचं मडकं उचललं, तो म्हणाला ते पैसे दिले. भिवा माझ्याकडं बघतच राहिला. मी म्हणालो, “याला भोक पाडून दे.”

त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “हितंच पाडू?”

“हितंच पाड. तिथं गेल्यावर कोण पाडत बसणार?”

त्यानं भोक पाडलं. नवं मडकं आधी पाण्यात भिजवावं असं शिवाजीनं सांगितलं होतं, म्हणून मी ते त्याच्या हौदात बुडवून काढायला लावलं. भिवानं तेही केलं आणि मला हात जोडले. गिऱ्हाईकाला हात जोडणारा दुकानदार मी जालन्यात प्रथमच पाहत होतो.

मडकं खांद्यावर घेऊन निघालो आणि गल्लीच्या तोंडालाच चपलेचा अंगठा तुटला. चपला तिथंच ठेवल्या. रिक्षावाल्यानं बांबूंकडं पाह्यलं, मान खाली घातली आणि काही न बोलता निघून गेला. एकटा माणूस दोन बांबू, पेंढी आणि मडकं कसं नेणार, या विवंचनेत मी उभा होतो तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ पुढं आले आणि त्यांनी बांबू खांद्यावर घेतले. दुसऱ्यानं कडबा घेतला. एक शब्द बोलले नाहीत. मी पुढं, खांद्यावर मडकं, त्याच्या भोकातून पाठीवर पाणी गळतंय, पाय अनवाणी, आणि ते माझ्या मागं.

त्या दिवशी जालना शहरानं मला जो मान दिला तो मला त्याआधीही कधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही. सायकलवाले उतरून बाजूला उभे राह्यले. गादीवर लोळणारे व्यापारी उठून बसले. एकानं रेडिओ बंद केला. चौकात हवालदारानं लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रक थांबवून मला जागा करून दिली. मला मनातून वाटलं, झाडं लावणाऱ्या माणसाबद्दल लोकांना एवढं कळायला लागलंय, गाव सुधारून राह्यलं. माझ्यामागं माणसं वाढत चालली होती. एरवी हातात कोथिंबिरीची जुडी दिसली तरी कितीला आणली म्हणून विचारणारं हे गाव. त्या दिवशी एकानंही मला काही विचारलं नाही. अशा वेळी विचारत नसतात म्हणे. तेवढं जरी कुणी विचारलं असतं!

घरापाशी सामान खाली ठेवलं. मी सगळ्यांना चहा विचारला, सगळ्यांनी नको म्हणून माना हलवल्या. लतीफभाई दुकानाच्या पायरीवर उभे होते, ते नुसते माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले. झाड लावायचं ते ऊन उतरल्यावर, म्हणून मी वर गेलो. उषा डोळ्यांत घालायचे थेंब आणायला दवाखान्यात गेल्ती. मामा शांत झोपलेले होते. मी झाकून ठेवलेली भाकरी खाल्ली आणि जरा आडवा झालो.

कोयत्याच्या आवाजानं जाग आली. खिडकीतून पाह्यलं तर गल्लीत माणसंच माणसं बसलेली. लतीफभाईंचं दुकान बंद. बायका पुष्पाबाईंच्या ओट्यावर पदर तोंडाला लावून बसलेल्या. आणि मधोमध टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्या बांबूंच्या काठ्या पाडून त्या आडव्या बांधत होते. कडबा वर पसरलेला, त्यावर लतीफभाईंचं कापड. मला राग आला. मदत करावी, पण मालकाला विचारून करावी. मी खाली गेलो आणि त्या गृहस्थांना म्हणालो, “मांडव एवढा अरुंद का बांधला?”

ते हळू आवाजात म्हणाले, “मापानंच बांधलाय, साहेब.”

“आणि उंची कुठाय याला? हा उभा कसा राहणार?”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बसतं केलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला. त्यातून मच्छिंद्रकाका उतरले. डोक्याला पटका नव्हता, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली, हॉटेलातून तसेच उठून आल्ते. कुणाकडं न बघता ते सरळ चालत आले, दाराशी ठेवलेलं माझं मडकं त्यांनी उचललं आणि पोटाशी धरलं.

एका आठवड्याच्या धावपळीनंतर मिळालेलं ते मडकं. मी उठलो आणि त्याचा काठ धरला. म्हणालो, काका, हे ठेवा, हे मला लागणार आहे. काका म्हणाले, त्यांना ठाऊक होतं आम्ही त्यांना मडकं धरू देणार नाही म्हणून. मी म्हणालो, धरण्याचा प्रश्न नाही, माझं मडकं आहे, मी आणलंय. काका म्हणाले, आणलं कुणी बी असंल, रक्त माझं हाय. आम्ही दोघं ते मडकं आपापल्या बाजूला ओढत होतो आणि शंभरेक माणसं माना खाली घालून बसली होती.

मंग काकांचा आवाज फाटला. “दादा, एवढा राग धरलास व्हय रं?” म्हणून ते रडायला लागले.

तेव्हा मात्र मी मडक्याकडं पाह्यलं. भोकाकडं पाह्यलं. बांबू, कडबा, पांढरं कापड, माझे अनवाणी पाय. शिवाजीकडं पाह्यलं तर तो म्हणाला, “वेलाचं ठाऊक होतं, पण तुमच्यामागं एवढी माणसं बघून वाटलं, वेलाआधी मामाच गेले. म्हणलं काकांना कळवावं. शहागडला पेट्रोल पंपावर फोन लावला. पैशाचं मनावर घेऊ नका, माणुसकी हाय.”

मी ओरडून सांगितलं की मामा जिवंत आहेत. आता एखाद्याला वाटेल की लोकांना आनंद झाला असेल. कुणी जागचं हललं नाही. पुष्पाबाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, “असंच व्हतं माय. आमचे मालक गेल्ते तवा मी बी असंच म्हणून राह्यलते.” दोघांनी मला दंडाला धरलं. मी म्हणालो, ते वर झोपलेत, नुकतेच बघून आलो. त्यावर तर आणखी दोन बायका रडायला लागल्या. सरकारी नोकरीत माझ्या शब्दाला किंमत नव्हती हे मला मान्य आहे, पण स्वतःच्या दारात, स्वतःच्या सासऱ्याबद्दल तरी माझं ऐकायला पाहिजे होतं की नाही?

इतक्यात वरून आवाज आला, “जावईबापू, कोण आलंय एवढं? यांना च्या झाला का?”

मामा भिंतीला धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगात बंडी. एक बाई किंचाळली. बाकी सगळे उठून उभे राह्यले, तेही मयताला उठतात तसेच. टोपीवाल्या गृहस्थांनी मात्र शेवटची गाठ मारूनच मान वर केली. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणाऱ्यांतले ते नव्हते.

मामांनी कान दिला. त्यांना दिसत काहीच नव्हतं. सगळी गल्ली गप्प झाली होती, फक्त काकांचे हुंदके थांबत नव्हते.

“मच्छ्या हाय का रं त्यो?” मामा म्हणाले.

“हाव,” काका म्हणाले.

“कशाला आल्तास?”

काकांच्या हातात मडकं होतं. एक बाजू अजून माझ्याही हातात होती. ते म्हणाले, “मडकं धराया.”

“कोणाचं?”

“तुझं.”

मला वाटलं आता ते मला हाक मारतील आणि जेवताना दिलेलं वचन आठवून देतील. मी मडक्यावरची पकड घट्ट केली.

“मंग धर की,” मामा म्हणाले. “तिथं कशाला हुभा हायस? वर आण. माती वर हाय.”

मी हात सोडला. काका ते मडकं पोटाशी धरून जिना चढायला लागले आणि चढता चढता मोठ्यानं रडायला लागले. वरच्या पायरीवर मामांनी चाचपून त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “तू रड बाबा. मला डॉक्टरनं बंदी केलीया.”

मला तर डॉक्टरांनी कसलीच बंदी केलेली नव्हती. मी जिन्याखाली, अंधारात, पुष्पाबाईंच्या सरपणाकडं तोंड करून थोडा वेळ उभा राह्यलो.

उषा दवाखान्यातून आली तेव्हा तिला गल्लीच्या तोंडाशी ट्रक दिसला, दाराशी तिरडी दिसली आणि जिन्याखाली मी डोळे पुसताना दिसलो. त्यानंतर वस्तुस्थिती कळल्यावर ती मला जे बोलली ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिनं सुरुवात बादलीपासून केली. एक जुनी बादली मागितली तेव्हा नीट मागितली असती तर तिनं दिली असती, असं तिचं म्हणणं आजही आहे.

लोकांना मात्र जायची घाई नव्हती. दुकानं बंद करून, रजा टाकून माणसं आल्ती. एक-दोघांनी तर नाराजी स्पष्ट बोलून दाखवली, की पुढच्या वेळी खात्री करून आणत चला. पुष्पाबाईंनी दुखवट्याच्या घरात शेजारी देतात तो कडू घास, पिठलं आणि भाकरी, दोन तास चुलीपुढं बसून रांधून ठेवला होता. अन्न टाकून कसं द्यायचं? मंग पंगत बसली. मामांनी स्वतःच्या नावाचं पिठलं दोनदा मागून खाल्लं आणि तिखट कमी पडलं म्हणाले. खोट्या मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं शिवाजी प्रत्येकाला सांगत फिरत होता. त्याच्या सांगण्यात सूर असा होता की हे आयुष्य त्यानंच फोन करून वाढवलं आहे.

ऊन उतरल्यावर काकांनी वेल मडक्यात लावला. तिरडीचे बांबू सोडून त्यांचाच मांडव केला, कारण पुष्पाबाई म्हणाल्या की बांधलेली तिरडी तशीच ठेवू नये. कडबा खाली गेला, लतीफभाईंचं कापड वर गेलं. मी कुठं काय लावायचं ते सांगत होतो. माझं कुणी ऐकत नव्हतं.

पट्टी सुटली त्या दिवशी काका शहागडहून मुद्दाम आल्ते. तोवर वेलाला नवी पानं फुटली होती, फूल एकही नव्हतं. मामांना धरून गच्चीवर आणलं. त्यांनी काळा चष्मा वर केला, वेलाकडं बराच वेळ पाह्यलं, एक पान बोटात धरून पाह्यलं. मंग शेजारी उभ्या असलेल्या काकांकडं पाह्यलं.

“म्हातारा झालास की रं,” ते म्हणाले.

मामांचं लक्ष परत मडक्याकडं गेलं आणि कपाळाला आठी पडली. म्हणाले, भांडं लहान आणलंय, मुळं मावायची न्हाईत. काका लगेच म्हणाले की ते पहिल्या दिवसापासून हेच म्हणून राह्यलेत. मंग दोघा भावांनी मिळून मला मडकं कसं निवडावं, तोंड किती रुंद पाहिजे, पोट किती पाहिजे, हे अर्धा तास समजावून सांगितलं. इतक्या वर्षांनी दोघांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं, ते माझ्या अकलेवर.

त्या वेलाला पुढच्या पावसाळ्यात फुलं आली. मामा दर वर्षी ती बघायला यायचे, काका ट्रकनं यायचे, आणि दोघं गच्चीवर बसून माझ्या कुंड्यांना नावं ठेवायचे. कुंड्या पुढं वाढत गेल्या, त्या प्रत्येकीची वेगळी हकिगत आहे, पण भिवाला धसका कायमचा बसला होता. कुणी मडकं घ्यायला आलं की तो आधी विचारायचा, “कशासाठी? झाडाला का?” काही गिऱ्हाइकांना त्याचा राग यायचा.

मामा गेले ते शिवाजीच्या भविष्याप्रमाणे बऱ्याच वर्षांनी, आमच्याकडेच, भादव्यात, दुपारचं जेवण करून झोपले ते उठलेच नाहीत. या वेळी शिवाजीला मी स्वतः फोन करायला सांगितला. त्यानं मला दोनदा विचारलं, नक्की ना? वर येऊन बघून गेला, आणि मंगच नंबर फिरवला.

काका आल्यावर आम्ही दोघं भिवाकडं गेलो. भिवानं सवयीनं विचारलं, “झाडासाठी?” काका न्हाई म्हणाले. भिवा उठून उभा राह्यला. काकांनी ओळीतलं एक मडकं उचललं, टिचकी मारली, कान लावला आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं, वाजवलं, तेही ठेवलं.

भिवा हळूच म्हणाला, “काका, ह्याला वाजवून घेत नसत्यात. भोकच पाडायचं असतं.”

“माझ्या भावाचं हाय,” काका म्हणाले. “बद्द वाजणारं कसं नेऊ?”

तिसरं खणखणीत वाजलं. ते त्यांनी बाजूला काढलं, आणि मंग भावावरून भिवाशी पुष्कळ वेळ घासाघीस केली. भिवानं ती करू दिली.